बिहोगोच्या वंशात बांड्या होत नाहीत

काझो
४ जून १९९८

प्रिय ताई,

अगांदी, कशी आहेस? दाजी कसे आहेत, पोरं कशी आहेत, गुरं कशी आहेत? पत्र दुधाच्या ट्रकवाल्याकडे देतोय. तो कंपालात तुमच्या नाकासोंगोलाच्या बसवाल्याला देईल. दोघंही वाटेत बीअर प्यायला थांबणारे, तेव्हा पत्र कधी पोचेल ते त्यांचं त्यांना ठाऊक.

इकडे पावसानं लवकर पाठ फिरवली. टेकड्या पिवळ्या पडल्यात. पण माझ्या विलायती फ्रिजियन बघशील तर तोंडात बोटं घालशील! बाबांची शिंगाळी गाय दिवसभर टेकड्या तुडवून जेमतेम एक चरवी भरायची. ही बया तेवढं सकाळीच देते, आणि वर माझ्याकडे बघते, आण अजून भांडं म्हणून. डेअरीवाल्यांनी रस्त्याला दूध थंड करायची टाकी बसवलीय. पोरांच्या शाळेच्या फीची आता मला चिंता नाही.

आता तू रागावशील ते सांगतो. उरलेल्या शिंगाळ्या गेल्या महिन्यात व्यापाऱ्याला दिल्या. कुरण एवढंच, आणि गोचिडांचं औषध फवारायला नवीन फाटक बांधलंय, त्यातून त्यांची शिंगंच जात नव्हती. एक म्हातारी मायेंजे तेवढी ठेवलीय. भाकड आहे, पण बाबा गेले तेव्हा रात्रभर हंबरत होती, तिला कशी विकू?

खरं पत्र ह्यापुढचं आहे. ताई, आई दूध पीत नाही.

शिंगाळ्या गेल्या त्या दिवसापासून एक थेंब नाही. कोरा चहा पिते आणि मटोकेचे, त्या उकडलेल्या केळ्यांचे, दोन घास खाते. आपली आई, जिनं आयुष्यभर दुधाशिवाय काही अन्न मानलं नाही! तिचे दंड आठव. आता कडी मनगटावरून घसरतात म्हणून तिनं काढून टोपलीत ठेवलीत. दवाखान्यातली नर्स म्हणते, आजार कसलाच नाही, दूध पाजा. विचारलं की आई म्हणते, "नको वाटतं रे." मला तरी वाटतं, जुन्या गाईंसाठी रुसलीय. पण रुसून असं कुणी वाळत जातं का? मला भीती वाटायला लागलीय. तू तिची लाडकी. काहीतरी सुचव.

तुझा,
मुगारुरा

*

नाकासोंगोला
२१ जून १९९८

मुगारुरा,

पत्र पोचलं. चुरगळलेलं होतं आणि त्याला बीअरचा वास येत होता, म्हणजे तुझा अंदाज बरोबर निघाला.

रागावणार नाही असं ठरवून बसले होते, पण जमत नाही. अरे गाढवा, गाईला फाटक लहान पडलं तर माणूस फाटक मोठं करतो की गाय विकतो? बाबांना जाऊन दोन वर्षं नाही झाली! आपल्या पणजोबांपासून चालत आलेला बिहोगोचा वंश तू व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये चढवलास? आता त्या वंशातलं जे काही उरलंय ते माझ्या दारात. लग्नात बाबांनी मला थोरल्या बिहोगोची लेक दिली होती, ती. नावही बिहोगोच. तीच तांबडी-काळपट कातडी आणि तीच शिंगं, मावळतीला उभी राहिली की सूर्य दोन शिंगांच्या मधे बसतो. सध्या दुधात आहे आणि गाभणही आहे. तिची लेक न्गाबो आहे, तांबड्यावर पांढरे मोठाले ठिपके, बांडी. आमच्या कळपातली सगळ्यात दुधाळ आणि सगळ्यात नखरेल तीच.

आता आईचं. तू पुरुष आहेस, तुला कास दिसते, भांडं दिसत नाही. मला सांग, दूध कशातून येतं घरात? प्लास्टिकच्या कॅनमधून ना? बायको चांगली मिळालीय तुला, पण केबिरुंगीला सगळ्याची घाई. लाकडी चंबूला गवताची धुरी न देता आईपुढे दूध ठेवलं असेल, तर आई काय पिणार? मीसुद्धा पिणार नाही. केबिरुंगीला म्हणावं, चंबू घासून उन्हात वाळव, धुरी दे, धूर निघून गेला की दूध ओत, वर विणलेलं झाकण ठेव, आणि मग दे. त्यानंही नाही झालं तर आईला बसमध्ये बसवून माझ्याकडे पाठव. बिहोगोचं दूध पाजून महिन्याभरात गुबगुबीत करून परत देते.

आईला रुसलीय वगैरे म्हणू नकोस. ती कधी रुसलेली मी पाहिली नाही. तिला काही नको असलं की ती फक्त गप्प होते.

तुझी ताई,
केन्यांगी

*

काझो
१६ जुलै १९९८

ताई,

तुझं पत्र केबिरुंगीला वाचून दाखवलं ही माझी पहिली चूक. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आत्याकडून जुना लाकडी चंबू आणला, स्वतः टेकडीवर जाऊन धुरीचं गवत कापून आणलं, आणि आईच्या समोर बसून तुझ्या पत्राबरहुकूम सगळं केलं. आईनं चंबू हातात घेतला, नाकाशी नेला. म्हणाली, "धुरी छान झालीय गं. तुझा हात चांगला आहे." आणि तसाच खाली ठेवला. केबिरुंगी मागच्या दारी जाऊन रडली. तेव्हा तिच्या हाताला परत नाव ठेवू नकोस.

मग मी शेजारच्या बागुमाकडे गेलो, त्याच्या शिंगाळ्या अजून आहेत. तिकडून दूध आणलं. आईनं विचारलं, "कुणाकडचं?" मी सांगितलं. तर म्हणाली, "माझ्या मुलाचं वाडगं गाईंनी भरलेलं असताना मी शेजाऱ्याचं दूध पिऊ? उद्या लोक विचारतील, मुगारुराच्या घरी काय दुष्काळ पडलाय का?" तुझ्याकडे यायलाही तयार नाही. म्हणते, लेकीच्या दारात जाऊन पोट भरायला तिचा मुलगा अजून मेला नाही.

मला काही कळेनासं झालंय. तिला फ्रिजियनचा राग असावा असं मी धरून चाललो होतो, पण तसंही नाही! परवा एक फ्रिजियन गोचीडतापानं गेली. नाजूक जात, शिंगाळीला जे गोचीड नुसतं खाजवतं ते हिला मारतं. आई तिच्याजवळ बसून होती, मान मांडीवर घेऊन. मी म्हटलं, "आई, ऊठ, गारठशील. ही काय गाय आहे का, दुधाचं यंत्र आहे नुसतं." तर माझ्याकडे बघून म्हणाली, "चार पाय आहेत, कास आहे, वासराला चाटते. गाय नाही तर काय आहे?" तिच्या वासराला आता ती स्वतः बाटलीनं दूध पाजते. वासराला पाजते आणि स्वतः पीत नाही.

बागुमा हसतो. म्हणतो, आपल्यात कुणी फ्रिजियनला गाय म्हटलेलं त्यानं पहिल्यांदाच ऐकलं.

आई आता दुपारीसुद्धा पडून असते. चालताना भिंतीला हात लावते. ताई, बाबा गेले तेव्हा मी एवढा घाबरलो नव्हतो.

मुगारुरा

*

नाकासोंगोला
९ ऑगस्ट १९९८

मुगारुरा,

हे पत्र बसून, शांतपणे वाच. आणि आईसमोर वाचू नकोस.

आधी केबिरुंगीला सांग, मी चुकले. तिच्यासाठी कापड पाठवतेय, निळं, तिला निळा आवडतो ना? चंबूचा दोष नव्हता. दोष आपल्या दोघांच्या डोक्याचा होता.

गेल्या आठवड्यात रुटाफामामा आला होता. आईचा धाकटा भाऊ, बुरुलीला असतो तो. चार वर्षांनी आला, पोट आणि बडबड दोन्ही वाढवून. मी काय करणार? आपल्या दारी मामा आला तर सगळ्यात चांगल्या गाईचं दूध द्यायचं. माणसाला न्गाबोची धार काढायला सांगितली. मामा वाडग्याच्या तोंडाशीच उभा होता, बघत होता. मी चंबू पुढे केला तर त्यानं हात मागे घेतला.

मी म्हटलं, "काय झालं मामा?"

तो म्हणाला, "मला ह्या बांडीचं पाजतेस? पोरी, तुझ्या आईनं तुला काहीच शिकवलं नाही का? आमच्या कुळाचं देवक आहे ते. बांड्या गाईचं दूध आम्ही ओठाला लावत नाही. दुसरी नसेल तर पाणी दे, त्यात लाजायचं काही नाही."

मुगारुरा, मी चंबू खाली ठेवला. डोळ्यांपुढे तुझं वाडगं उभं राहिलं. काळ्यावर पांढरे आणि पांढऱ्यावर काळे. अरे, तुझी एकूण एक फ्रिजियन बांडी आहे!

आपण बाबांच्या कुळाचे. आपल्याला ते वर्ज्य नाही, म्हणून लक्षात राहिलं नाही. लहानपणी कधीतरी ऐकलं असेल, पण आपल्या घरी तसा प्रसंग आलाच कुठे? आठवून बघ. आपल्या कळपात एक तरी बांडी कधी पाहिलीस? तांबड्या होत्या, काळपट होत्या, कपाळावर चांद असलेल्या होत्या. बांडी एकही नाही. मी मामाला तेच म्हटलं, "आमच्याकडे बांड्या होतच नव्हत्या."

मामा असा हसला, की बस. म्हणाला, "होत नव्हत्या? बिहोगोच्या वंशात दर तिसरं वासरू बांडं निघतं! तुझ्या बापाकडे तर नावाजलेल्या होत्या. तुझ्या आईचं लग्न ठरलं आणि माझ्या वडलांनी देवक सांगितलं. नवरी यायच्या आत त्या माणसानं आपल्या सगळ्या बांड्या मित्रांना वाटून टाकल्या. लोक म्हणाले, पोराला वेड लागलं. आणि पुढे जी जी बांडी जन्मली ती दूध सुटल्याबरोबर कुणाच्या तरी दारी. वेगळं भांडं ठेवूनही भागलं असतं गं, पुष्कळ जण तसंच करतात. पण तो म्हणायचा, तिला माझ्या घरात पिण्याआधी कधी विचारायला लागू नये, कुठल्या गाईचं म्हणून."

बाबांच्या अंत्यविधीला किती माणसं आली होती आठवतं? आपण म्हणत होतो, ह्या माणसाला एवढे मित्र कुठून? आणि जो तो येऊन एकच सांगत होता, त्यानं मला गाय दिली, त्यानं मला गाय दिली. आपल्याला वाटलं, मोठ्या हाताचे होते बाबा. होतेच. पण आता कळलं की का.

मी त्या दिवशी कामं टाकून खूप रडले. मामा बिचारा घाबरला, त्याला वाटलं दूध नाकारलं म्हणून रडते.

आता आई का बोलत नाही ते सांगायला नको. बोलली असती तर तुला काय करायला लागलं असतं? पोरांची शाळा ज्यावर चालते तेच वाडगं रिकामं. म्हणून "नको वाटतं." तिनं तुझ्या गाईंना गाय म्हटलं आणि आपण हसलो. त्यांना गाय मानणारी घरात ती एकटीच होती, म्हणून तिलाच त्यांचं दूध चाललं नाही.

सोबत तुपाचं भांडं आहे. बिहोगोचं तूप. तिचं दूध वेगळं ठेवलं, वेगळ्या भोपळ्यात मी स्वतः घुसळलं, न्गाबोचा थेंब नाही त्यात. आईला ते घोटून एशाब्वे करून दे, घासाबरोबर खायला. काही बोलू नकोस. नुसतं दे आणि बघ.

ताई

*

काझो
२७ ऑगस्ट १९९८

ताई,

केबिरुंगीनं एशाब्वे घोटलं, मटोकेवर घातलं, आईपुढे ठेवलं. आईनं वास घेतला आणि विचारलं, "कुणाचं तूप?"

मी म्हटलं, "बिहोगोचं. ताईनं पाठवलं."

"तांबडीचं?"

"तांबडीचंच आई. वेगळं घुसळलेलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला कळलंय हे तिला कळलं.  मग तिनं बोटानं पुसून भांडं स्वच्छ केलं, लहान मूल करतं तसं.

मी उठून गुरांच्या वाडग्यात गेलो. माझ्या सगळ्या काळ्या-पांढऱ्या रवंथ करत बसल्या होत्या. ताई, मी बापाचा मुलगा म्हणवतो स्वतःला! त्या माणसानं चाळीस वर्षं जी गोष्ट दारात येऊ दिली नाही, ती मी ट्रक भरून आणली आणि तिच्या पुढ्यात चंबूत घालून ठेवत होतो. रोज. आणि वर म्हणत होतो, रुसलीय.

तूप किती दिवस पुरेल? महिनाभर. मग?

फ्रिजियन मी विकू शकत नाही, तू मला शिव्या दिल्यास तरी. पण आईसाठी एक गाय हवी, आपली, बिहोगोच्या वंशातली. बागुमाची विकत घेता येईल, पण ती आईला परकीच वाटेल. मला ठाऊक आहे, लग्नात दिलेली गाय माहेरानं परत मागायची नसते. दाजींच्या मनाला लागेल तेही ठाऊक आहे. तरी मागतोय. दाजींना विचारशील का?

मुगारुरा

*

नाकासोंगोला
१३ सप्टेंबर १९९८

मुगारुरा,

दाजींना तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी पाइप भरला, पेटवला, विझला, परत पेटवला. मग म्हणाले, "तुझा भाऊ गेल्या खेपेला आला होता तेव्हा माझ्या कळपाकडे बघून काय म्हणाला होता, आठवतं? 'दाजी, डोक्यावर एवढं सरपण घेऊन फिरतात, दूध कधी देणार?'"

म्हणालास ना तसं? मलाही आठवतंय. तू फार हसला होतास.

पुढे म्हणाले, "पत्रातून दूध मागतात, मीठ मागतात. गाय पत्रातून मागत नाहीत. त्याला म्हणावं ये. माझ्या वाडग्याच्या तोंडाशी बस, माझं दूध पी, आणि रीतीप्रमाणे माग. गाईची स्तुती म्हणून दाखव. तांबडीची, शिंगांसकट."

मी म्हटलं, "अहो, त्याला स्तुती कुठली येतेय? तो दूध लिटरात मोजतो."

"मग शिकून येऊ दे," म्हणाले. "सासूबाईंना विचारू दे. त्यांना सगळ्या येतात."

तोंड मोठं गंभीर केलं होतं, पण मी ह्या माणसाला ओळखते, मिश्यांत हसत होते. तेव्हा ये. आणि एक वाईट बातमी. आमच्या भागात खुरकूत आलीय, गुरांची ने-आण बंद. तू येऊन मागितलीस तरी बंदी उठेपर्यंत गाय हलायची नाही. शिवाय तिचं दूध आटत आलंय, वर्षाअखेर विणार. तोवर मी तूप पाठवत राहते, भांडं भरेल तसं. आईला पुरवून पुरवून दे, आणि जगव.

ताई

*

नाकासोंगोला
१५ नोव्हेंबर १९९८

मुगारुरा,

बंदी उठली! गाय उद्या निघतेय. ट्रकवाल्याला बजावलंय, बीअर प्यायला थांबलास तर परत ह्या रस्त्याला दिसू नकोस.

तू येऊन गेल्यापासून दाजी येईल त्याला तुझी नक्कल करून दाखवतात. मधेच अडलास, तेव्हा डोळे मिटून उभा राहिलास, तेसुद्धा. पण नक्कल झाली की शेवटी म्हणतात, "अडला, पण खोटं नाही म्हणाला. आईनं शिकवलेलं ऐकू येत होतं." आईनं तुला अंथरुणावर पडल्या पडल्या शिकवलं, हे ऐकून मला बरं वाटलं. तुपानं काही नाही तरी आवाज परत आला तिचा.

दाजी म्हणतात, ही गाय परत केली असं समजू नका. आपण दोन्ही घरं एकमेकांना गाई देणारी आहोत, हिशोब कधी पुरा व्हायचा नसतो. पुरा झाला तर भेटायचं कशाला?

ती नेहमी डाव्या बाजूनं धार देते. तोंडानं शीळ घातली की पान्हा सोडते. विताना तिच्याजवळ गर्दी करू नका. सकाळी ट्रकमध्ये चढवताना मला तिच्या तोंडाकडे बघवणार नाही, मी घरातच बसणार आहे.

ताई

*

काझो
२० डिसेंबर १९९८

प्रिय ताई,

सगळं क्रमानं सांगतो, नाहीतर तू ओरडशील.

बिहोगो सुखरूप उतरली. नवीन फाटकाशी आणली, तिनं मान तिरकी करून बघितली आणि तिथेच थांबली. शिंगं जाईनात. माझा गडी म्हणाला, मागच्या बाजूनं आणू. मी म्हटलं, नाही. कुऱ्हाड आणली आणि फाटकाचा खांब पाडला. केबिरुंगी म्हणाली, "नवीन आहे हो तो!" म्हटलं, असू दे. पाऊस छान झालाय, खांब परत रोवू, लांब. म्हातारी मायेंजे तिला हुंगायला आली आणि जी हंबरायला लागली, की आई काठी टेकत बाहेर आली. कित्येक महिन्यांनी अंगणापर्यंत.

आता वाडगी दोन आहेत. खालच्या बाजूला फ्रिजियन, डेअरीसाठी. वरच्या बाजूला बिहोगो आणि मायेंजे, आईसाठी. भांडी वेगळी. गडी कुरकुरतो, कुरकुरू दे.

दोन आठवड्यांपूर्वी व्याली. अडचण आली नाही. चीक वासराला पाजला. दूध निवळलं तेव्हा मी स्वतः धार काढली, डाव्या बाजूनं, शीळ घालत. केबिरुंगीनं चंबूला धुरी दिली. आईच्या हातात दिला. तिनं विचारलं नाही, कुठल्या गाईचं. ताई, तिनं विचारलंच नाही! झाकण काढलं आणि प्यायली, मधे न थांबता. मी दुसरीकडे बघत होतो, डोळे भरून आले होते. चंबू खाली ठेवून म्हणाली, "आज धुरी कमी झाली. घाईत होतीस का गं?" केबिरुंगी एवढी खूश झाली, की दिवसभर गात होती. आता आई सकाळ-संध्याकाळ पिते आणि रोज काहीतरी नाव ठेवते. कालपासून एक कडं परत घातलंय.

एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती. कालवड झालीय. बांडी.

तांबड्यावर पांढरे ठिपके, खांद्यावर एक मोठा, ढालीसारखा, कपाळावर एक लहान. असली देखणी चीज मी माझ्या हातानं कधी पुसलेली नव्हती.  पहिला विचार आला, आईला दिसायला नको. धारेच्या वेळेपुरती बिहोगोजवळ सोडायची, एरवी मायेंजेच्या आड आडोसा करून ठेवायची. गड्याला म्हटलं, म्हातारीला बोलू नकोस. दूध सुटलं की गुपचूप कुणाला तरी देऊन टाकायची. मग मला एकदम कळलं, बाबा कितीदा असे इथे उभे राहिले असतील ते.

पण आई आता चालते ना! काल दुपारी मी डेअरीवर गेलो होतो, परत येतो तर ती वरच्या वाडग्यात, दगडावर बसलेली, आणि कालवड तिच्या मांडीत तोंड खुपसून उभी. मी जागच्या जागी थांबलो. ती तिच्या खांद्यावरच्या ठिपक्यावरून बोट फिरवत होती, कडेकडेनं.

मला बघून म्हणाली, "ही बिहोगोची?"

मी म्हटलं, "हो आई. देऊन टाकणार आहे. ताईला."

तिचं बोट ठिपक्याच्या कडेवरून एकदा पुरतं फिरून आलं. मग म्हणाली, "तुझे बाबा मला सांगायचे, बिहोगोच्या वंशात बांड्या होतच नाहीत. नेहमी तेच सांगायचे. मी बाई, खरं ठाऊक असून मान डोलवायचे." आणि कालवडीच्या कपाळावरचा ठिपका पदरानं पुसला, पुसला जाणार असल्यासारखा. "इतक्या देखण्या असतात हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं."

दूध सुटलं की न्यायला ये, ताई. दाजींनाही आण. तोवर ती आईजवळच असते.

तुझा,
मुगारुरा